शांत हिवाळा आणि परत आलेलं तिकीट

जानेवारीतली गोष्ट. ऑफिसातल्या आम्ही काही जणी मिळून पायरट्सच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमच्या, थोड्या मॅचेसची तिकिटं दरवर्षी एकत्र घेतो, त्यातलं ओपनिंग डेचं, म्हणजे सीझनमधल्या घरच्या पहिल्या मॅचचं, एक उरलं होतं, म्हणून मी ते शेजारच्या काकांना फोनवरून पाठवून दिलं. काका म्हणजे इथलेच, पिट्सबर्गमध्ये जन्मलेले, पंचाहत्तरीला टेकलेले, आयुष्यभर शहराची बस चालवलेले. मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली पद्धतच तशी, पण मनात ते काकाच. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर काका, हातात बर्फ ओढायचं फावडं, बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे ओघळ. म्हणाले, "तिकीट पाठवलंस, बरं वाटलं. पण परत घे. मला तिथं मोजलं जायला नकोय." मी काही बोलायच्या आत वळले, दोन पायऱ्या उतरले, आणि परत मागे वळून विचारतात, "आउटफिल्डला तिसरा कोण, काही कळलं का गं?" म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात उभे राहणाऱ्या तिघांतला तिसरा.

ते वाक्य आणि तो प्रश्न, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एका मिनिटाच्या अंतराने. मला ते काही केल्या सुटेना.

बेसबॉलमध्ये हिवाळा म्हणजे टीम्सनी खेळाडू घ्यायचे-द्यायचे दिवस. त्या हिवाळ्यात, म्हणजे २०२४-२५ च्या, आमच्याकडे कळण्यासारखं फारसं काही नव्हतंच, सगळं शांत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेसबॉलवाले सगळे डलासला जमले होते आणि त्याच सुमाराला बातमी आली की न्यूयॉर्कच्या मेट्सने हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरला घेतलं. सकाळी ऑफिसच्या किचनमध्ये जो तो तेच बोलत होता. आणि मग दोनेक दिवसांत आमची बातमी. आमच्या टीमने लुइस ऑर्टिझ हा चांगला चाललेला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि वर दोन होतकरू पोरं देऊन स्पेन्सर हॉरविट्झ नावाचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवर उभा राहणारा, आणला. बरा खेळाडू आहे, नाही असं नाही, पण फेब्रुवारीत त्याच्या मनगटाचं ऑपरेशन झालं, म्हणजे सीझन सुरू होताना तोही नाहीच. जानेवारीच्या अखेरीला ॲडम फ्रेझिअर परत आला, एका वर्षासाठी, पंधरा लाखांच्या जरा वर. फेब्रुवारीत टॉमी फॅम, वय ३६, एका वर्षासाठी, चाळीस लाखांच्या आसपास. मग अँड्र्यू हीनी, पिचर, तोही एकाच वर्षासाठी. अँड्र्यू मॅकचनचा करारही पुन्हा एक वर्षाचा, ५० लाखांचा, पण तो आपला माणूस, त्याचं वेगळं. बाकी यादी वर-खाली कितीही वेळा वाचली तरी सगळीकडे एक वर्ष, एक वर्ष. सोटोला एका वर्षाला जे मिळणार त्याच्या पाव भागातही हे फ्रेझिअर, फॅम आणि हीनी तिघं बसत होते.

पैशाचा आकडा मला तितका लागत नाही, खरं सांगते. मला लागतं ते त्या यादीतलं एक वर्ष. म्हणजे आपण कुणाला घरी बोलावतोय पण कपाटातला कप्पा रिकामा करून देत नाही, असं काहीतरी. टीम कुणाचीच होत नाही आणि कुणी टीमचं होत नाही, आणि त्यात फॅन मात्र जन्मभराचे.

रेडिओवर दिवसभर हेच. मी गाडीतून जाता-येता ९३.७ लावते, स्पोर्ट्स टॉक, लोक फोन करून भांडतात. बाहेर साडेचारलाच अंधारून आलेलं, वायपरला चिकटलेला बर्फ करकरतोय, पुढच्या गाडीच्या चाकातून राखाडी चिखल उडतोय आणि रेडिओवर कुणीतरी घसा फोडून सांगतोय की फॅमला घेण्यापेक्षा आपल्याच पोरांना खेळवा. दुसरा म्हणतो पोरांना खेळवून आपण गेली पाच वर्षं काय मिळवलं. तिसरी एक बाई, आवाजावरून वयस्कर, ती फक्त एवढंच म्हणाली की रावडी टेलेझचं तुम्ही सगळे विसरलात का. मी विसरले नव्हते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये टेलेझला टीमने काढलं तेव्हा तो दोन लाख डॉलरच्या बोनसपासून फक्त चार वेळा बॅटिंगला यायचा बाकी होता. टीमचं म्हणणं, सीझन संपत आलाय, तरुणांना संधी द्यायचीय, बोनसचा संबंध नाही. असेलही तसं. पण चार वेळा! एका दिवसाच्या मॅचमध्ये झालं असतं. त्या बाईच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि रागापेक्षा थकवा जास्त वाईट.

आमच्या ऑफिसात यावर सरळ दोन तट आहेत. माझ्या शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण, जी आमची तिकिटं बुक करते, तिचं म्हणणं असं की मालकाला शिव्या देणं सोपं आहे पण नियमच असे आहेत त्याला तो काय करणार. यात तथ्य आहे. आपल्या आयपीएलमध्ये कशी प्रत्येक टीमला सारखीच पर्स असते, त्याच्या वर उडी मारता येत नाही, तसं बेसबॉलमध्ये काही नाही. ज्याच्याकडे आहे त्याने हवं तेवढं ओतावं, एका रेषेपलीकडे कर भरावा लागतो एवढंच. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये शोहेई ओहतानी या खेळाडूला ७० कोटी दिले आणि वर्षभरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकली पण. याच शहरातली फुटबॉलची टीम स्टीलर्स, तिला सहा सुपर बोल, आइस हॉकीची पेंग्विन्स, तिला पाच स्टॅनली कप. तिन्ही टीम्सचे रंग एकच, काळा आणि सोनेरी, फॅन तेच, गाव तेच. फुटबॉल आणि हॉकीत खर्चाला वरून झाकण आहे, बेसबॉलमध्ये नाही. आणि पायरट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९७९ ला.

पण काकांकडे याचं उत्तर आहे आणि ते मला जास्त पटतं. ते म्हणतात, वरचं झाकण नाही हे मान्य, डॉजर्सशी बरोबरी करा असं कोण म्हणतंय, पण मिलवॉकी काय मोठं शहर आहे? क्लीव्हलँड आहे? ते कसे दर दोन वर्षांनी प्लेऑफला दिसतात? आणि आपण बाहेरून आणलेल्या खेळाडूला दिलेला सगळ्यात मोठा करार कुठला, तर लिरियानो या पिचरचा, तीन वर्षांचे ३.९ कोटी, तो पण २०१४ मधला. दहा वर्षं झाली! दहा वर्षांत ब्रेड-दूध कुठल्या कुठे गेलं. बॉब नटिंग २००७ पासून मुख्य मालक आहेत, वर्तमानपत्रांचा घरचा धंदा, स्की रिसॉर्ट होती ती विकली, तर पैसे नाहीत असं म्हणवत नाही. काकांचं गणित साधं. मी माझं सगळं दिलं, सत्तर वर्षं दिली, आता त्यांनी थोडं द्यावं. आणि देत नसतील तर निदान मी आहे असं गृहीत धरू नये.

मोजलं जायला नकोय, हे त्यातून आलंय.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, ती म्हणजे स्टेडियम. पीएनसी पार्क. २००१ ला उघडलं, नदीच्या अगदी काठावर. आत बसलं की समोर आउटफिल्डच्या भिंतीपलीकडे अलेगेनी नदी, तिच्यावर पिवळा क्लेमेंटे पूल, त्यामागे डाउनटाउनच्या काचेच्या इमारती आणि जूनमधल्या संध्याकाळी साडेआठला त्या काचांवर जो तांबूस उजेड उतरतो तो मी अजून दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. मॅच असली की पूल गाड्यांना बंद, माणसं चालत येतात, पुलावर शेंगदाण्याच्या पिशव्या विकणारे, कुणाच्या खांद्यावर पोरगं, भाजलेल्या कांद्याचा वास. भारतातून कुणी आलं की मी हमखास तिथे नेते आणि आलेल्यांना बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी ते खूश होऊन जातात. आणि इथेच खरी गोम आहे असं मला हल्ली वाटायला लागलंय. हा पार्क इतका सुंदर आहे की टीम कशीही असली तरी लोक येतात. फटाक्यांच्या रात्री येतात, बाहुल्या वाटतात तेव्हा येतात, नुसता सूर्यास्त बघायला येतात. शांत हिवाळ्याची किंमत मालकाला मोजावीच लागत नाही. पाहुण्यांना घेऊन गेलेली मी आणि साठ वर्षं स्कोअरकार्ड भरणारे काका, गेटवरच्या यंत्राला दोघंही सारखेच, एक अधिक एक.

मला हे दुखणं माहितीचं आहे, लहानपणापासून. माझे बाबा सांगलीचे, आणि क्रिकेटमध्ये त्यांची टीम मुंबई नाही, महाराष्ट्र. रणजी ट्रॉफीतला महाराष्ट्र. देवधरांच्या कप्तानीत १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा जिंकली आणि त्यानंतर एकदाही नाही. शेजारी मुंबई, जिच्या नावावर चाळिसाच्या वर ट्रॉफ्या. आमच्या वाड्यात सगळे मुंबईचे, टीव्हीवर दिसणारे सगळे मुंबईचे, आणि बाबा सकाळी पेपर उघडून शेवटून दुसऱ्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात महाराष्ट्राचा स्कोअर शोधायचे. चहा गार व्हायचा. कुणी विचारलं की मुंबई सोडून हे काय, तर चिडायचे नाहीत, म्हणायचे, "आपण सांगलीत राहतो ना?" बस, एवढंच कारण. मी शिकायला इथे आले आणि पहिल्याच वर्षी कुणीतरी मला पायरट्सच्या मॅचला नेलं तेव्हा टीम सलग हरत होती, १९९३ पासून दर सीझनला जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त, ते २०१२ पर्यंत, वीस वर्षं, अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळातल्या टीमने सलग इतके सीझन असे काढलेले नाहीत. मला सगळ्यांनी सांगितलं, पेंग्विन्सची हो, मजा येईल. पण मी राहायला लागले होते नदीच्या काठी, आणि उन्हाळ्यात खिडकीतून स्टेडियमचा गलका ऐकू यायचा. मग २०१३ आलं. १ ऑक्टोबर, सिनसिनाटीशी वाइल्ड कार्डची, म्हणजे हरलो तर घरी अशी, मॅच, चाळीस हजार लोक काळे कपडे घालून, समोरच्या पिचरचं नाव घेऊन एका सुरात ओरडतायत, क्वे-टो, क्वे-टो, त्याच्या हातातून बॉल खाली पडला आणि पुढच्याच बॉलवर आमच्या रसेल मार्टिनने होमरन, म्हणजे बेसबॉलमधला सिक्सर, मारला. आणि त्याच हिवाळ्यात महाराष्ट्र रणजीच्या फायनलला गेला! केदार जाधवने त्या सीझनला बाराशेच्या वर रन काढल्या होत्या. फायनल कर्नाटकने जिंकली, पण बाबा फोनवर अर्धा तास बोलत होते, त्यांचं ऐकून झाल्यावर मी त्यांना मार्टिनच्या होमरनचं परत एकदा सांगितलं, आणि दोघांनाही एकमेकांच्या टीममधलं फारसं कळत नसताना आम्ही दोघं एकच गोष्ट बोलत होतो.

बाबा आता नाहीत. महाराष्ट्राचा स्कोअर मी अजून बघते.

काकांचं वय दहा होतं तेव्हाची गोष्ट ते दर हिवाळ्यात एकदा तरी सांगतात. १३ ऑक्टोबर १९६०, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, समोर न्यूयॉर्क यांकीज. त्याआधीच्या सहा मॅचेसमध्ये यांकीजनी एकूण ४६ रन काढल्या होत्या आणि पायरट्सनी १७, तरी मॅचेस तीन-तीन. शाळेत बाईंनी रेडिओ लावू दिला होता. नववी इनिंग, ९-९, आणि पायरट्सच्या बिल मॅझरॉस्कीने डावीकडच्या भिंतीवरून बॉल बाहेर टाकला. ते मैदान, फोर्ब्ज फील्ड, कधीच पाडलं, आता तिथे युनिव्हर्सिटीच्या बिल्डिंगी आहेत, पण भिंतीचा एक तुकडा ठेवलाय, लाल विटांचा, वेल चढलेला. मी तिथेच शिकले, रोज जाता-येता ती भिंत दिसायची. दरवर्षी १३ ऑक्टोबरला दुपारी लोक तिथे खुर्च्या घेऊन जमतात आणि त्या मॅचचं जुनं रेडिओ प्रक्षेपण पहिल्यापासून लावतात, आणि शेवटच्या होमरनला सगळे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ओरडतात. एकदा काकांबरोबर मी पण गेले होते. पानं पडायला लागलेली, थर्मासमधली कॉफी फिरत होती, माझ्या बाजूला एक बाप आपल्या लेकीला हळूच सांगत होता, आता बघ, आता. निकाल माहीत असलेल्या मॅचला श्वास रोखून धरणारी माणसं आहेत ही. त्यांना "मार्केट लहान आहे" एवढंच सांगून घरी पाठवायचं?

वाईट बातम्या मात्र इथे नेहमी हिवाळ्यातच येतात. १९९२ च्या डिसेंबरमध्ये बॅरी बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. २०१८ च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला आणि मॅकचन, आमचा मॅकचन, तो पण सॅन फ्रान्सिस्कोला, पुढे परत आला ते वेगळं. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडी बंद न करता बसून राहिले होते, हीटर चालू, रेडिओ चालू. त्यामुळे शांत हिवाळा बरा असं म्हणणारेही आहेत, निदान कुणी गेलं तरी नाही. मला ते पटत नाही. कुणी गेलं नाही म्हणून समाधान मानायचं हे फार खाली येणं झालं.

आणि ते तर शांत राहायचं वर्षच नव्हतं, कारण आता आमच्याकडे पॉल स्कीन्स हा पिचर होता. २०२३ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यातला, पहिला. ११ मे २०२४ ला पहिली मॅच, सीझनच्या शेवटी ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रन, १.९६, १३३ इनिंगमध्ये १७० जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, आणि लीगमधल्या सर्वोत्तम नवख्याचा पुरस्कार. तो बॉल टाकायला पाय उचलतो तेव्हा अख्खं स्टेडियम गप्प होतं, बिअर विकणारासुद्धा पायरीवर थांबून बघतो. आता त्या पुरस्काराची गंमत नाही, कळ सांगते. खेळाडू सहा वर्षं सर्व्हिस झाली की मोकळा होतो, हवं तिथे जातो. स्कीन्स मे मध्ये आला होता, त्यामुळे त्याचं २०२४ हे वर्ष पूर्ण धरलं जाणार नव्हतं. पण नियम असा की त्या पुरस्कारात पहिल्या दोनात आलात तर पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे नोव्हेंबरमध्ये तो जिंकला तेव्हा आम्ही नाचलो, आणि त्याच क्षणी तो मोकळा होण्याची तारीख २०३० वरून २०२९ च्या शेवटावर आली. काका मला त्याच रात्री म्हणाले, "एक वर्ष गेलं बघ." त्यामुळे शांत हिवाळ्याचा हिशोब तेव्हा सगळ्यांच्या बोटांवर होता. पाच सीझन उरले होते, त्यातल्या एकाची तयारी म्हणून आम्ही काय केलं, तर एक वर्ष, एक वर्ष, एक वर्ष.

त्याच हिवाळ्यात त्याच्या बेसबॉल कार्डाचं प्रकरण झालं. पहिल्या मॅचच्या जर्सीवरचा बिल्ला असलेलं एकमेव कार्ड, जगात एकच. टीमने जाहीर केलं की ज्याला सापडेल त्याने ते आम्हाला द्यावं, बदल्यात होम प्लेटमागच्या, म्हणजे बॅटिंग करतात त्या जागेमागच्या, दोन सीट, ३० वर्षं. लॉस एंजेलिसकडच्या अकरा वर्षांच्या मुलाला ते सापडलं. त्यांनी सीट घेतल्या नाहीत, लिलावाला दिलं, मार्चमध्ये ते ११ लाख डॉलरच्या वर गेलं. रेडिओवर लोक त्या पोरावर नाही, स्वतःच्या टीमवर बोलत होते. तीस वर्षं सीट द्यायला तयार आहात, मग ज्याचं कार्ड आहे त्याच्याभोवती पाच वर्षं टिकतील अशी माणसं का उभी करत नाही? याला माझ्याकडेही उत्तर नाही.

जानेवारीत डाउनटाउनच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये टीमचा फॅन मेळावा होता, प्रश्नोत्तरं चालू असताना मागून कुणीतरी ओरडलं, टीम विका. मग सगळेच. वर बसलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, विकणार नाहीत. एप्रिलच्या ४ तारखेला ओपनिंग डे, समोर परत यांकीज. आम्ही गेलो, ते परत आलेलं तिकीट मैत्रिणीच्या भावाने वापरलं. आकाशात विमानाला बांधलेला फलक फिरत होता, तोच मजकूर, आणि खाली आमच्या सेक्शनमध्ये तीच घोषणा. मी पण दिली. माझ्या गळ्यात पायरट्सचा मफलर, हातात त्यांच्याच स्टॉलवरचे नाचोज, आणि मी मालकाला टीम विकायला सांगतेय, मनापासून सांगतेय. ९-४ ने हरलो. त्याच आठवड्यात लोकांच्या लक्षात आलं की राइट फील्डच्या भिंतीवरचा क्लेमेंटेच्या २१ नंबरचा लोगो काढून तिथे दारूच्या कॅनची जाहिरात लावलीय. रॉबर्टो क्लेमेंटे, ३००० हिट्सवाला, १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेलेला माणूस. ती भिंतच त्याच्यासाठी २१ फुटांची बांधलीय. लोक इतके खवळले की टीमने माफी मागून लोगो परत लावला. मला त्यातून एवढं दिसलं की ओरडलं तर ऐकू जातं. वर्तमानपत्रवाल्यांना, टीव्हीवाल्यांना आणि त्यांनाही.

त्या शनिवारी काका अंगणात पालापाचोळा गोळा करत होते. रेडिओ खिडकीत ठेवलेला, मॅच चालू, फॅम बॅटिंगला. मी त्यांना सांगितलं की मी जात राहणार, आणि आत जाऊनच ओरडणार. बाहेर राहिलेला माणूस कुणाला दिसतच नाही हो, रिकाम्या सीटवर नाव थोडंच लिहिलेलं असतं. ते म्हणाले, "मी बत्तीस हजारच्या जागी एकतीस हजार नऊशे नव्व्याण्णव करतो, तेवढं तर दिसेल." आम्ही दोघंही एकमेकांना पटवू शकलो नाही. मग मी म्हटलं, सोटो नको, ओहतानी नको, पुढच्या हिवाळ्यात बाहेरून फक्त एक चांगला बॅटिंग करणारा आणा आणि त्याला चार वर्षं द्या, माझं एवढंच मागणं आहे, आमच्या ब्रायन रेनल्ड्ससारखा, लांबच्या कराराचा कुणीतरी, जो स्कीन्स असेपर्यंत इथेच घर घेऊन राहील.

काकांनी रेडिओचा आवाज थोडा कमी केला. "चार कशाला," म्हणाले, "पाच माग."